तायी कार्ड

कार्डावर कानडीत छापलंय, तायी.
म्हणजे आई.
येळ्ळूरच्या बायका ते ताई वाचतात
आणि मलाच त्या नावानं हाक मारतात.
मी दुरुस्त करत नाही.

गीतांजलीकडे गेले तेव्हा बाविसावा दिवस.
खाटेखाली शेगडी, ओव्याचा धूर,
अळिवाची खीर साय धरून तशीच.
सासू म्हणाली, सगळं बेस हाय,
दूध हाय, झोप हाय, पोरगी गुटगुटीत.
काट्यावर तीन किलो आठशे. लिहिलं.
लोहाच्या गोळ्या. लिहिलं.
टाके सुकलेत. लिहिलं.

मग तो नवा कागद काढला, दहा प्रश्नांचा.
मावशी, म्हटलं, जरा च्या टाका की.
ती उठेपर्यंत मी पेन चाचपत राहिले.

कागदावर होतं बेसर.
आमच्यात बेजार म्हणतात, पण बेजार
भात लावून आल्यावर होतं माणूस,
हे तसलं नव्हे.
पुढं होतं खिन्नते.
खिन्न हा शब्द सातवीनंतर
कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही मी.
शेवटी विचारलं, जीव कशात रमूलालाय काय गे?

ती पोरीच्या टोपडीची नाडी
सोडत होती, बांधत होती.
म्हणाली, ताई, भाताचा वास येईना.

आमच्या शिवारातली बासमती.
एका घरात शिजली की तीन घरांना कळतं.

नाक बरं हाय ताई. वास येतोय,
माझ्यापतोर पोचत नाही.
ही रडली की वाटतंय
शेजारचं पोर रडूलालंय.

कागद मी पिशवीत घातला.
उरलेलं तोंडानंच विचारलं,
दहावा प्रश्नसुद्धा,
जो विचारताना माझीच जीभ कोरडी पडते.
ती म्हणाली, मरावं असं नाही वाटत.
उठावं असं पण नाही.

एकोणीस वर्षांमागं मी
न्हाणीत नळ सोडून रडायची.
बादली भरून वाहायची
आणि हे बाहेरून ओरडायचे,
पाणी किती नासतीस!
हे मी तिला सांगितलं.
ट्रेनिंगमध्ये सांगा म्हणाले नव्हते.

भरमाणी दारात भेटला,
उद्यमबागेतल्या फाउंड्रीची रात्रपाळी करून,
कानाच्या पाळीवर काळी वाळू.
हात खरखरीत म्हणून
पोरीला उचलतच नव्हता.
तुझं कसं काय रे? म्हटलं.
माझं? बाळंतीण ती हाय.
आणि दाराची कडी
बराच वेळ वर-खाली करत राहिला.
मी थांबले.
मग बोलला. काय बोलला ते
कुठल्याच वहीत नाही, इथंही नाही.

सोमवारी बसनं सिव्हिलला गेलो.
डॉक्टरीण अर्धं मराठी अर्धं कानडी बोलली,
पण ऐकलं तिनं पूर्ण.
गोळी दिली, अंगावर पाजायला चालते म्हणाली.
सासूचा चेहरा उतरला. डोक्याची गोळी?
मावशी, रक्ताची चालते की तुम्हाला.
ती गप्प. दुसऱ्या दिवसापासून
तीच गोळी मोजून द्यायला लागली,
आणि रात्री दोनचं रडणं
तिनं आपल्याकडं घेतलं, न सांगता.

मग दर गुरुवारी गेले, काटा न घेता.
एकदा गीतांजली भर दुपारी झोपलेली
आणि भरमाणी मांडीवर पोरगी घेऊन
खोबरेल चोळूलालता,
आधी आपल्याच तळव्यांना.
एकदा तिनं दारच उघडलं नाही.
तेवढा आठवडा वाईट गेला, आम्हा दोघींचा.

सातव्या की आठव्या गुरुवारी
ती पाजत होती, मी गप्पा मारत होते
गल्लीतल्या कुणाच्या तरी सोयरिकीच्या.
मधेच तिनं मान वर केली.
आत्ती, ओरडली, भात लागूलालाय!

मला तिनं म्हटल्यावर वास आला.

सासू धावली. खालचा थर
कोळसा झालेला, कोंबड्यांनीही नाही खाल्ला.
घरभर तो वास दिवेलागणीपर्यंत राहिला
आणि गीतांजलीनं
खिडकी उघडू दिली नाही.